एकाच ग्लॅडस्टनचे तीन चेहरे

पणजोबा साताऱ्याला वकील होते आणि त्यांच्या पेटीत दाव्यांच्या कागदांखाली तीन चित्रं सापडली, असं तुम्ही लिहिलंय. एक रंगीत आहे, कोपऱ्यात ६ फेब्रुवारी १८६९ अशी तारीख आणि खाली इंग्रजीत एक खोचक ओळ. दुसरं ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातून कापलेलं, काळंपांढरं, त्यात एक म्हातारा कानापर्यंत चढलेल्या कॉलरमध्ये बुडालाय. तिसरं म्हणजे मिले या चित्रकाराच्या तैलचित्राची छापील प्रत. तिन्हींच्या मागे पेन्सिलीनं ‘ग्लॅडस्टन’ लिहिलंय, पण तुम्हाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. यातला खरा चेहरा कोणता, चित्रं अस्सल आहेत का आणि साफ करून भिंतीवर लावावीत का, असं तुम्ही विचारलंत.

मी तीस वर्षं पुण्यात जुन्या छापील चित्रांची दुरुस्ती आणि नोंदणी करतोय. असं चित्र घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी ‘अस्सल आहे का’ विचारतो. त्याचं उत्तर सोपं आहे, खाली देतो. तुमचा पहिला प्रश्न मात्र अवघड आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला जास्त वेळ देतो. कागद हातात न घेता सांगतोय, त्यामुळे अस्सलपणाबद्दलचं माझं म्हणणं तुम्ही भिंग लावून तपासायचं आहे.

आधी एक साधा हिशोब करू. विल्यम ग्लॅडस्टनचा जन्म २९ डिसेंबर १८०९चा. म्हणजे रंगीत चित्रात तो एकोणसाठचा आहे, नुकताच पहिल्यांदा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. मिलेनं त्याला रंगवलं १८७९ साली, तेव्हा तो एकोणसत्तरचा होता आणि सत्तेबाहेर. मोठ्या कॉलरचा म्हातारा १८८०नंतरचा, बहुधा पंचाहत्तरी-ऐंशीतला. चौथ्यांदा पंतप्रधानपद सोडलं तेव्हा, १८९४ साली, तो चौऱ्याऐंशीचा होता. पंचवीस वर्षांच्या अंतरानं काढलेले आपल्या आजोबांचे तीन फोटो तरी एकमेकांशी जुळतात का? तेव्हा निम्मा फरक वयाचा आहे. उरलेला निम्मा चित्रकारांचा, आणि खरी गंमत तिथे आहे.

रंगीत चित्र ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकातलं. टॉमस गिब्सन बोल्सनं ते नोव्हेंबर १८६८मध्ये सुरू केलं आणि ३० जानेवारी १८६९च्या अंकात पहिलं रंगीत अर्कचित्र, म्हणजे खुणा फुगवून काढलेलं व्यक्तिचित्र, दिलं, ते ग्लॅडस्टनचा राजकीय प्रतिस्पर्धी डिझरायली याचं. पुढच्याच आठवड्यात ग्लॅडस्टन. तुमच्याकडचं चित्र हे आहे, म्हणजे संपूर्ण मालिकेतलं दुसरं. ती मालिका १९१४पर्यंत चालली आणि दोन हजारांहून जास्त माणसं तिच्यात येऊन गेली. चित्रकार कार्लो पेलेग्रिनी, इटलीतल्या कापुआचा. सुरुवातीच्या चित्रांवर तो ‘सिंज’ अशी सही करायचा, फ्रेंचमध्ये माकड. मग त्याचंच इंग्रजी ‘एप’ करून टाकलं. त्यामुळे सही ओळखीची वाटली नाही तर घाबरू नका. ‘स्पाय’ नावाची सही ज्याची, तो लेस्ली वॉर्ड १८७३मध्ये आला आणि सगळ्यात जास्त चित्रं त्याची आहेत.

या दोघांची पद्धत लक्षात घ्या. समोर बसवून चित्र काढणं हा त्यांचा मुख्य रस्ता नव्हता. संसदेच्या गॅलरीत, क्लबात, रस्त्यावर माणूस न्याहाळायचा, त्याची चाल, उभं राहण्याची तऱ्हा, हात कुठे ठेवतो ते डोक्यात भरून घ्यायचं आणि घरी जाऊन आठवणीतून जलरंगात उतरवायचं. आठवणीतून काढलं की बारीकसारीक गळून जातं आणि जे ठसलं ते फुगतं. म्हणून पेलेग्रिनीच्या चित्रात डोकं मोठं, धड लहान, मागे पार्श्वभूमी जवळजवळ कोरी. खालची ओळ मात्र चित्रकाराची नाही, संपादकीय आहे. तुमच्या चित्राखालच्या ओळीचा अर्थ असा, की हा माणूस थोडा वाईट असता तर जास्त चांगला राजकारणी झाला असता. ओळ वाचून मग चेहऱ्याकडे पाहिलंत तर तुम्हाला त्यात हट्टी सज्जनपणा दिसेल. ओळ झाकून पाहिलंत तर कदाचित फक्त थकलेला माणूस दिसेल. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे करायला लावतो: खालचा मजकूर कागदानं झाकायचा, काय दिसतं ते लिहून काढायचं आणि मगच ओळ वाचायची.

आता कॉलर. इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका संग्रहाची यादी करताना मी लिहिलं होतं, ‘ग्लॅडस्टन, त्याच्या प्रसिद्ध उंच कॉलरसह’. यादी छापून झाल्यावर इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला त्याचे चार फोटो दाखवले. कॉलर होती, ताठ आणि जुन्या पद्धतीची, पण कुठेही कानापर्यंत नव्हती. ती मोठी कॉलर हॅरी फर्निसनं घडवली. फर्निस १८८०मध्ये पंचसाठी काढू लागला आणि संसदेत तासन्‌तास बसून रेखाटनं करायचा. ग्लॅडस्टन लांबलेल्या बैठकीत बाकावर खाली घसरला की मान आत जायची आणि कॉलर वर यायची. फर्निसनं तो क्षण पकडला आणि कॉलर हळूहळू वाढवत नेली. शेवटी लोकांना खऱ्या ग्लॅडस्टनपेक्षा कॉलरच जास्त ओळखीची झाली. फर्निसनं पुढे स्वतःच सांगितलं, की तशी कॉलर ग्लॅडस्टन कधी घालत नसे.

तेव्हापासून मी कुठल्याही राजकीय अर्कचित्रासमोर पहिला प्रश्न हाच विचारतो: यातली खूण माणसाची आहे की चित्रकाराची? उत्तरं चकित करणारी असतात. ग्लॅडस्टनच्या आधीचा एक पंतप्रधान, लॉर्ड पामर्स्टन, याच्या तोंडात पंचमध्ये कायम गवताची काडी असते, एखाद्या पागेवरच्या बेफिकीर माणसासारखी. पामर्स्टन काडी चघळत नव्हता, ती पंचचा चित्रकार जॉन लीच यानं त्याच्या तोंडात दिली. राजकारणी लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल मध्यम उंचीचा, पण फर्निसच्या चित्रांत तो बोटभर पोरगा आहे, कारण राजकारणात त्याला लहान दाखवायचं होतं. उलट दुसरा राजकारणी जोसेफ चेंबरलेन, त्याचा एका डोळ्याचा चष्मा आणि कोटाला खोवलेलं ऑर्किड अगदी खरं. आणि ग्लॅडस्टनची कुऱ्हाडही खरी. वेल्समधल्या हॉवर्डनच्या इस्टेटीवर झाडं तोडणं हा त्याचा आवडता व्यायाम होता, हातात कुऱ्हाड घेतलेले त्याचे फोटो आहेत, आणि बघायला आलेले लोक लाकडाचे ढलपे आठवण म्हणून घेऊन जात. म्हणजे कॉलर रचलेली आणि कुऱ्हाड खरी, पण पंचच्या पानावर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासानं उभ्या असतात. चित्र बघून हा फरक कळत नाही. शेजारी त्या माणसाचा फोटो ठेवावाच लागतो. त्या काळातल्या वाचकाला ही सोय होती: १८६०पासून पुढाऱ्यांचे छोटे फोटो दुकानात विकत मिळत, घरोघरी आल्बममध्ये लावले जात. वाचकाला खरा चेहरा माहीत होता, म्हणून चित्रकाराला तो वाकवता येत होता. आपल्याला तो चेहरा माहीत नाही, म्हणून आपण वाकवलेलाच खरा धरतो.

पंचबद्दल अजून थोडं. ‘कार्टून’ हा शब्द आज ज्या अर्थानं वापरतो तो या साप्ताहिकाचाच. १८४३मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नव्या संसदभवनातल्या भित्तिचित्रांसाठी मोठ्या कच्च्या आराखड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, त्या आराखड्यांना कार्टून म्हणत. पंचनं त्याच जुलैमध्ये लीचचं एक चित्र ‘कार्टून’ म्हणून छापलं, फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं भव्य चित्रं पाहायला आलेली दाखवून. शब्द तिथून चिकटला.

लीचनंतर, १८६४पासून, मुख्य चित्र जॉन टेनियलचं. त्यानं आपल्या कामाची रीत सांगून ठेवली आहे. बुधवारी रात्री संपादक मंडळी जेवायला एकत्र बसत आणि आठवड्याचं मोठं चित्र कशावर काढायचं ते ठरवत. गुरुवारी विचार आणि कच्चं रेखाटन, शुक्रवारी दिवसभर लाकडाच्या ठोकळ्यावर नाक खुपसून काम. मग ठोकळा कोरणाऱ्या स्वेनकडे जायचा आणि रेघांच्या मधलं लाकूड तासून ठसा तयार व्हायचा. मूळ रेखाटन त्या कोरण्यातच संपायचं. टेनियल मॉडेल वापरत नव्हता, सगळं स्मरणातून काढायचा. त्याचा एक डोळा तरुणपणी तलवारीच्या सरावात गेलेला होता. त्याची चित्रं पाहताना मला हे नेहमी आठवतं, कारण त्याच्या माणसांत खोली कमी आणि बाह्यरेषा विलक्षण पक्की असते. विषय मात्र जेवणाच्या टेबलावर ठरलेला असे, हे विसरू नका. टेनियलचा ग्लॅडस्टन हा संपादक मंडळींनी मिळून ठरवलेला ग्लॅडस्टन आहे.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण डिझरायलीचं आहे आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. १५ एप्रिल १८७६च्या पंचमध्ये टेनियलचं ‘जुन्या मुकुटांबदल्यात नवे मुकुट’ या अर्थाच्या शीर्षकाचं चित्र आहे. डिझरायली अल्लादीनच्या गोष्टीतल्या लबाड फेरीवाल्याच्या पौर्वात्य वेषात, राणी व्हिक्टोरियासमोर हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपदाचा मुकुट पुढे करतोय आणि तिचा जुना मुकुट मागतोय. सम्राज्ञी पदवीचं विधेयक तेव्हा संसदेत होतं. चित्र हुशार आहे, रेघ उत्तम आहे आणि त्यात विषही आहे. डिझरायली ज्यू कुटुंबात जन्मला, बाराव्या वर्षी ख्रिस्ती झाला. जुने कपडे घेऊन नवं विकणारा ज्यू फेरीवाला ही लंडनच्या रस्त्यावरची ठरलेली चेष्टा होती आणि टेनियलनं ती देशाच्या पंतप्रधानावर चढवली. नाक किती वाकवलंय, खांदे किती पुढे काढलेत ते पाहा. हे चित्र मी शिकवताना वापरतो, पण त्यातली ही बाजू सांगितल्याशिवाय कधीच नाही.

त्या मुकुटाचा दरबार १ जानेवारी १८७७ला दिल्लीत भरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, तिथे हातानं कातलेल्या सुताच्या कपड्यांत गेले होते. दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ सुरू झाला होता. लंडनला जो मुकुट जादूगाराची चलाखी वाटत होता, तो इकडे काय होता, हे पंचच्या पानावर कुठेच नाही. त्याच दुष्काळात कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणणारा सर रिचर्ड टेंपल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. १८८१च्या जानेवारीत ‘व्हॅनिटी फेअर’नं त्याचंही चित्र दिलं, स्पायनं काढलेलं, खाली ‘बडा डिक’, डिक म्हणजे रिचर्ड. पुढे तो खासदार झाला आणि फर्निसनं त्याचा चेहरा मनसोक्त वापरला. त्या चित्रांत टेंपल एक गमतीदार म्हातारा आहे. दुष्काळी कामावर उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांतला टेंपल तिथे शोधून सापडणार नाही. अर्कचित्र बोचरं असतं म्हणून ते खरं बोलतं, असं आपण पटकन धरतो. ते त्याच्या वाचकाला बोचेल एवढंच बोलतं.

मग तैलचित्र तरी खरं का? मिले उत्तम चित्रकार, आणि १८७९चं ते चित्र आज लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात आहे. माणूस समोर बसलेला असताना काढलेलं, म्हणून कपाळाची ठेवण, डोळ्यांचा बसका खोलपणा, ओठांची घट्ट मिटलेली रेघ यासाठी मी त्याच्यावर जास्त विसंबतो. पण तो उभा आहे भावी पिढ्यांसमोर. वादात खेकसणारा, आकडे फेकणारा, दोन-दोन तास बोलणारा ग्लॅडस्टन तिथे नाही. समोर बसवूनही चेहरा हाती येतोच असं नाही: चित्रकार वॉट्सनं १८५९मध्ये ग्लॅडस्टनचं सुंदर चित्र केलं, पण पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चसाठी पुन्हा घेतलेला प्रयत्न त्याला सोडून द्यावा लागला. तिथलं चित्र अखेर मिलेनं १८८५मध्ये केलं. डिझरायलीला मिलेनं १८८१च्या मार्चमध्ये बसवलं. तो आजारी होता, १९ एप्रिलला गेला आणि चित्र अपुरं राहिलं. ते अपुरं चित्र मला मिलेच्या पूर्ण चित्रांपेक्षा जवळचं वाटतं, कारण गौरवाचा शेवटचा हात फिरवायला वेळच मिळाला नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: चेहऱ्याची हाडं मिलेकडून घ्या, उभं राहण्याची ढब पेलेग्रिनीकडून घ्या, आणि लोक त्याच्याबद्दल काय बोलत होते ते फर्निसकडून. एकाकडून तिन्ही मागू नका.

आता अस्सलपणा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगीत चित्र शिळाछापाचं आहे, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रविवर्म्याच्या छापखान्यातले देवदेवतांचे जुने छाप किंवा पुण्याच्या चित्रशाळेची चित्रं तुमच्या घरात असतील तर आधी त्यावर भिंग धरा, म्हणजे नजर तयार होईल. खडूसारखे वेडेवाकडे कण आणि रंगाचे सपाट थर दिसले पाहिजेत. सारख्या अंतरावरच्या, ओळीत बसलेल्या रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते विसाव्या शतकातलं ऑफसेट पुनर्मुद्रण. ती अमाप निघाली आहेत. अस्सल पानाचा कागद साधारण ३८ बाय २६ सेंटिमीटर, मागची बाजू कोरी. कडा कापलेली असेल तर माप कमी भरेल, त्यानं घाबरू नका. पंचच्या पानावर भिंगाखाली स्वच्छ काळ्या रेघा दिसतील, करडा रंग कुठेच नाही. मोठ्या चित्रात कधी एखादी बारीक पांढरी सरळ रेघ आरपार जाते: लाकडाचा ठोकळा अनेक तुकडे जोडून केलेला असे, तो सांधा आहे. मला ती रेघ सापडली की फार आनंद होतो.

किंमतीबद्दल खोटी आशा देत नाही. ही साप्ताहिकं होती, प्रती भरपूर छापल्या. बाजारात खेळाडू आणि न्यायाधीश जास्त मागितले जातात, राजकारणी कमी. स्पायनं १८९७मध्ये काढलेला क्रिकेटपटू रणजितसिंहजी ग्लॅडस्टनपेक्षा नेहमी महाग जातो. तुमच्या चित्रांचं मोल पणजोबांच्या पेन्सिलीत आहे. साताऱ्याचा एक वकील या माणसाची तीन चित्रं जपून ठेवतो, यामागे त्याचं वाचन आहे, ग्लॅडस्टननं मांडलेली आयर्लंडच्या स्वराज्याची विधेयकं आहेत, काही अपेक्षा आहेत. म्हणून ते मागचं अक्षर कोणालाही खोडू देऊ नका, आणि चित्र चौकटीत घालण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.

साफ करण्याबद्दल: स्वतः काही करू नका. तांबूस ठिपके दिसत असतील तर ते ओल आणि कागदातल्या अशुद्धीमुळे आलेत. ते घालवायला घरगुती ब्लीच लावलेले कागद माझ्याकडे येतात तेव्हा पापडासारखे तुटतात. मऊ ब्रशनं धूळ झाडा, सेलोटेप असेल तर ओढू नका, लॅमिनेशन तर कधीच नाही. कसर लागली असेल तर आधी ही चित्रं पेटीतल्या बाकी कागदांपासून वेगळी करा. लावायचीच असतील तर आम्लरहित माउंट, काच चित्राला टेकणार नाही इतकं अंतर, मागे प्लायवूड नको, आणि भिंत पावसाळ्यात घाम न येणारी. रंगीत चित्र उन्हात नको. शिळाछापातला गुलाबी आधी उडतो आणि ग्लॅडस्टन आजारी दिसायला लागतो.

शेवटी एक काम सांगतो. १८४२मध्ये बंदुकीच्या अपघातात ग्लॅडस्टनच्या डाव्या हाताची तर्जनी गेली. पुढची छप्पन्न वर्षं तो त्या हातानंच वावरला. दिवसाच्या उजेडात तिन्ही चित्रांतला डावा हात शोधा, दिसत असेल तिथे बोटं मोजा, आणि हात लपवला असेल तर कसा लपवलाय ते पाहा. त्या हातांचे जवळून फोटो काढून इथे टाका. तुमचे तीन चित्रकार माणसाच्या किती जवळ गेले होते, त्यावर मग पुढे बोलू.